समदुःखितांचा सत्संग

संस्कृत भाषेंत ‘व्यसन’ या शब्दाचे अर्थ दोन आहेत. एक अर्थ संकट किंवा आपत्ति. दुसरा अर्थ वाईट खोड. कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्राचें आठवें अधिकरण सबंध या व्यसनांनाच वाहिलें आहे. आणि त्यांत अग्नि, पूर, रोगराई व दुष्काळ यांच्याच पंक्तीस त्यानें मद्यपान व द्यूत हींही बसविलीं आहेत. मराठींत हा शब्द रूढ होतां होतां त्याचा पहिला अर्थ गळून पडला आणि दुसरा तेवढा उरला. हा शब्दार्थाचा संकोच आहे, तसा तो दृष्टीचाही संकोच आहे असें आम्हांस वाटतें. ज्याच्यावर घाला पडला त्यास आपण केवळ अपराधी समजूं लागलों, आणि ज्यास हात द्यावयाचा त्याच्याकडे बोट दाखवूं लागलों.

व्यसनानें, आणि पुढें एच्. आय्. व्ही.च्या बाधेनें, ज्यांचें आयुष्य उद्ध्वस्त झालें अशा माणसांनीं तें पुन्हा कसें उभारलें याचा इतिहास थोडक्यांत सांगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. या इतिहासांत वैद्यांचा वांटा आहे, धर्मोपदेशकांचा आहे, कायदे करणाऱ्यांचाही आहे. परंतु त्यांतील मुख्य पात्रें म्हणजे ज्यांनीं स्वतः ठेंचा खाल्ल्या तीं माणसें होत. सुमारें पावणेदोनशें वर्षांची ही कथा वाचतांना आम्हांस एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. ती ही कीं, पडलेल्या माणसास उठविण्याचें सामर्थ्य उच्चासनावरून केलेल्या उपदेशांत क्वचितच आढळलें. तें शेजारीं येऊन बसलेल्या समदुःखिताच्या संगतींत आढळलें. श्रद्धा जेथें या संगतीच्या रूपानें आली तेथें तिनें माणसें वांचविलीं. जेथें ती न्यायासनावर चढून बसली तेथें तिनें माणसें गमावलीं.

कथेचा आरंभ अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरांतल्या एका गुत्त्यांत होतो. १८४० च्या एप्रिल महिन्यांत तेथें नित्य जमणाऱ्या सहा मित्रांनीं एकमेकांसमक्ष दारू सोडण्याची शपथ घेतली, आणि आपल्या मंडळास जॉर्ज वॉशिंग्टन यांचें नांव दिलें. तत्पूर्वीं त्या देशांत मद्यपाननिषेधाच्या संस्था नव्हत्या असें नाहीं. त्या पुष्कळ होत्या. परंतु पक्का मद्यपी हा सुधारण्याच्या पलीकडे गेलेला प्राणी आहे असें गृहीत धरून, जे अद्यापि बिघडले नाहींत त्यांस संभाळावें, एवढेंच त्या बहुधा आपलें कर्तव्य मानीत. या सहा जणांचा क्रम नेमका याच्या उलट होता. प्रत्येकानें पुढच्या सभेस आपल्यासारखाच एक पिणारा घेऊन यावें, आणि प्रत्येकानें उभें राहून आपलीच हकीकत सांगावी, असा त्यांनीं पाठ घातला. वर्षा-दोन वर्षांत ही चळवळ शहरोशहरीं पसरली.

२२ फेब्रुवारी १८४२ रोजीं इलिनॉय संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें याच मंडळासमोर एका तेहेतीस वर्षांच्या वकिलाचें व्याख्यान झालें. जुन्या प्रचारकांनीं मद्यप्यांवर शिव्याशापांचा भडिमार केला, म्हणूनच त्यांस यश आलें नाहीं. जो स्वतः त्या खाईंतून वर आला त्याचाच शब्द मद्यप्याच्या काळजाला भिडतो. आणि आपल्यांतील जे या व्यसनांत सांपडले नाहींत ते आपल्या श्रेष्ठ बुद्धीमुळें किंवा सद्गुणामुळें वांचले असें समजण्याचें कारण नाहीं, त्यांस ती वासनाच झाली नाहीं इतकेंच, असा त्या व्याख्यानाचा आशय होता. हे वकील म्हणजे अब्राहाम लिंकन. सुशिक्षित व सभ्य गृहस्थांच्या सभेंत हें शेवटलें वाक्य ऐकविण्यास त्या काळीं बरेंच धैर्य लागलें असेल. तें आजही लागतें.

इतका गाजावाजा होऊनही ही चळवळ दहा वर्षांच्या आंत ओसरली. सभांना तमाशाचें रूप आलें. आपल्या अधःपाताच्या हकीकती रंगवून सांगणारे वक्ते गांवोगांव मिरवूं लागले. दारूबंदीचा कायदा असावा कीं नसावा या वादानें मंडळाचे तुकडे पडले. याहून मोठें वैगुण्य असें कीं, शपथ घेतल्यावर पुढें रोज काय करावयाचें याची कांहींच व्यवस्था या मंडळानें लावून दिली नव्हती. शपथ भरसभेंत टाळ्यांच्या गजरांत घेतां येते. ती पाळावयाची असते दुसऱ्या दिवशीं सकाळीं, घरांत कोणी नसतांना.

ही व्यवस्था लागण्यास आणखी जवळजवळ शंभर वर्षें जावीं लागलीं. १९३४ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्क येथील एका रुग्णालयांत विल्यम विल्सन हे गृहस्थ उपचारार्थ दाखल झाले. शेअरबाजारांत त्यांनीं एके काळीं नांव काढलें होतें. तें सगळें दारूपायीं बुडालें होतें. कांहीं दिवसांपूर्वीं त्यांच्या मद्यपानाचा एक जुना सोबती त्यांच्या घरीं येऊन गेला होता. विल्सन यांनीं पुढें केलेला पेला त्यानें नाकारला, आणि धर्माच्या आधारानें आपण दारू सोडली असें सांगितलें. या सोबत्यापर्यंत हा विचार ज्या वाटेनें पोंचला ती वाट मोठी कुतूहलजनक आहे. एक धनिक अमेरिकन गृहस्थ स्वित्झर्लंडमधील विख्यात मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्याकडे दारू सोडविण्यासाठीं गेला होता. उपचार झाले, आणि तो पुन्हा पिऊं लागला. तेव्हां युंग यांनीं त्यास स्पष्ट सांगितलें कीं, वैद्यकाची मात्रा येथें चालत नाहीं. अशा माणसाचा पालट क्वचित् धार्मिक अनुभवानें होतो, तो कोठें मिळाला तर पाहावा. तो गृहस्थ ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती मंडळांत गेला. तेथें सांवरल्यावर त्यानें त्या सोबत्यास हात दिला, आणि सोबत्यानें विल्सन यांस. पुढें १९६१ च्या जानेवारींत विल्सन यांनीं पत्रानें ही सारी परंपरा युंग यांस कळविली, आणि वृद्ध युंग यांनीं त्याच महिन्यांत उत्तर पाठवून तिला दुजोरा दिला.

रुग्णालयांत विल्सन यांस एक उत्कट आत्मिक अनुभव आला. आपलें डोकें तर फिरलें नाहीं ना, अशी त्यांस शंका आली. तेथील डॉक्टर सिल्कवर्थ यांनीं त्यांस धीर दिला. विल्यम जेम्स यांचा धार्मिक अनुभवांच्या विविधतेवरील १९०२ सालचा ग्रंथ त्याच सुमारास त्यांच्या हातीं पडला, आणि आपल्यासारखे अनुभव इतरांसही आलेले आहेत हें त्यांच्या ध्यानांत आलें. पुढील पांच महिने ते भेटेल त्या मद्यप्यास आपला साक्षात्कार सांगत हिंडले. एकही मनुष्य सुधारला नाहीं. तेव्हां डॉक्टर सिल्कवर्थ यांनींच त्यांस सल्ला दिला कीं, प्रवचन बंद करा. आधीं आजाराची गोष्ट बोला.

हा सल्ला लवकरच उपयोगीं पडला. १९३५ च्या मे महिन्यांत विल्सन एका व्यवहारानिमित्त ओहायो संस्थानांतील अ‍ॅक्रन या गांवीं गेले. तो व्यवहार फसला. परक्या गांवीं, खिशांत थोडेसे पैसे, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यालगतच मद्यगृह. पिण्याची ऊर्मि दाटून येतांच त्यांनीं समोर लावलेल्या चर्चच्या यादींतून एका धर्मोपदेशकास फोन केला, आणि आपणांस बोलावयास गांवांतील एखादा मद्यपी मिळेल काय अशी पृच्छा केली. या पृच्छेंतून त्यांची १२ मे रोजीं डॉ. रॉबर्ट स्मिथ या शस्त्रवैद्यांशीं गांठ पडली. डॉक्टरांनीं केवळ पंधरा मिनिटें देण्याचें मोठ्या नाखुषीनें कबूल केलें होतें. प्रत्यक्षांत दोघे रात्रीं अकरापर्यंत बोलत बसले. डॉक्टरांनीं उपदेश पुष्कळ ऐकला होता, प्रार्थनाही केल्या होत्या. आपलें दुःख स्वतःच्या अनुभवानें जाणणारा मनुष्य मात्र त्यांस प्रथमच भेटत होता. त्यानंतर एकदां त्यांचा तोल गेला; परंतु १० जून १९३५ नंतर १९५० सालीं निधन होईपर्यंत त्यांनीं मद्याला स्पर्श केला नाहीं. तो दिवस ‘अल्कोहॉलिक्स अनॉनिमस’ या संघाचा स्थापनादिन मानला जातो.

या भेटीचें मर्म आमच्या वाचकांनीं अवश्य लक्षांत घ्यावें. विल्सन त्या सायंकाळीं दुसऱ्याचा उद्धार करण्यास गेले नव्हते. दुसऱ्याशीं बोललों नाहीं तर आपण पिऊं, या भीतीनें ते गेले होते. देणारा आणि घेणारा यांतील पायरी तेथें नाहींशी झाली. परोपकारांत सहसा उपकर्त्याच्या अंगीं जो सूक्ष्म अहंकार शिरतो, त्यास येथें जागाच उरली नाहीं.

या संघाचा ग्रंथ १९३९ सालीं प्रसिद्ध झाला; त्यांत सुधारणेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. आपल्या सामर्थ्यानें हें व्यसन सुटत नाहीं अशी कबुली, आपणांहून मोठ्या शक्तीवर भार टाकणें, आपल्या दोषांची झडती घेऊन ती दुसऱ्या माणसापुढें मांडणें, ज्यांचें नुकसान केलें त्यांची भरपाई करणें, आणि शेवटीं हाच मार्ग दुसऱ्या पीडितास दाखविणें, असा त्यांचा क्रम आहे. ईश्वराविषयीं वाद निघाला तेव्हां, ज्यास जसा तो कळेल तसा त्यानें मानावा, अशी सवलत घालून नास्तिकांसही दार उघडें ठेवण्यांत आलें. संघानें बाहेरच्यांकडून देणग्या घेऊं नयेत, कोणत्याही सार्वजनिक वादांत पक्ष घेऊं नये, सभासदांनीं वर्तमानपत्रांत नांवें झळकवूं नयेत, हे नियम अनुभवानें सिद्ध होऊन १९५० सालीं क्लीव्हलंड येथील संमेलनांत मान्य झाले. बाल्टिमोरच्या मंडळास ज्या खळग्यांनीं गिळलें, ते सारे या नियमांनीं बुजविलेले दिसतात.

मराठी वाचकास यांत फारसें अपरिचित कांहीं वाटूं नये. आपल्याकडे वारकरी संप्रदायांत तुळशीची माळ घालण्याची जी चाल आहे तिचें स्वरूप पाहावें. माळ वडीलधाऱ्या वारकऱ्याच्या हातून चार जणांदेखत घालावयाची; ती घातल्यावर मद्यमांस वर्ज्य; पंधरवड्याची एकादशी, वर्षाची वारी, आणि वाटेवर दिंडीची सोबत. व्रत एकट्याचें असलें तरी तें निभावून नेण्यास मेळा लागतो, हें आपल्या संतांनीं ओळखलें होतें. माळकरी म्हणून घरास व गांवास ठाऊक झालेला मनुष्य सहसा गुत्त्याची पायरी चढत नाहीं. आणि मोह झालाच तर बरोबरीचा माळकरी त्याचा हात धरतो. अमेरिकेंतील संघाचा वारीशीं कांहीं ऐतिहासिक संबंध आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मनुष्यस्वभाव दोन्हीकडे सारखाच असल्यामुळें उपायही सारखेच सुचले, एवढें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

हें सर्व भाविक माणसांचें समाधान आहे, यास शास्त्राधार काय, असें कोणी विचारील. तर २०२० सालीं कॉक्रेन या संस्थेनें २७ अभ्यासांचा व त्यांतील १०,५६५ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. मद्यापासून पूर्णपणें दूर राहण्याच्या बाबतींत या संघांत माणसांस पद्धतशीरपणें आणून सोडणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षां सरस ठरतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. अफूपासून होणाऱ्या मादक द्रव्यांची गोष्ट मात्र निराळी. तेथें औषधाची जोड नसेल तर नुसत्या संगतीवर विसंबणें धोक्याचें आहे, हें पुढील हकीकतीवरून दिसेल.

या संघाच्या धर्तीवर १९५१ सालीं मद्यप्यांच्या कुटुंबीयांचा स्वतंत्र संघ निघाला. त्यांत विल्सन यांच्या पत्नी लोइस यांचा पुढाकार होता. १९५३ सालीं कॅलिफोर्नियांत मादक द्रव्यें सेवन करणाऱ्यांचा निराळा संघ स्थापन झाला. हा दुसरा फांटा आपल्या देशास लवकरच कामास येणार होता. १९८० नंतरच्या पहिल्या चार-पांच वर्षांत मुंबई-पुण्याकडे ‘गर्द’ अथवा ‘ब्राऊन शुगर’ या नांवानें अशुद्ध हेरॉइन पसरलें. चाळींतील मजूर आणि बंगल्यांतील विद्यार्थी हा भेद त्या भुकटीस नव्हता. आमच्या अध्यापनाच्या काळांत वर्गांतल्या पुढच्या बांकावरचा एखादा हुशार मुलगा हळूहळू मागें सरकत जाऊन एके दिवशीं हजेरीपटांतूनच नाहींसा झाल्याचें आम्हीं पाहिलें आहे; आणि त्याच्या घरीं चौकशी करावी तर ‘तो गांवीं गेला आहे’ एवढेंच उत्तर मिळे.

अशा वेळीं १९८१ सालीं वांद्रें येथील माउंट कार्मेल चर्चच्या आवारांत फादर जोसेफ परेरा यांनीं ‘कृपा’ ही संस्था काढली. फादर परेरा हे पुण्याचे योगाचार्य बी. के. एस्. अय्यंगार यांचे शिष्य. व्यसनानें मोडलेलें शरीर पुन्हा आपलेंसें करण्यासाठीं त्यांनीं आसनें व प्राणायाम हीं बारा पायऱ्यांच्या जोडीला ठेवलीं. रोमन कॅथॉलिक धर्मगुरु, हिंदु योगशास्त्र आणि अमेरिकन मद्यप्यांची पद्धति यांचा हा संगम एरवीं विचित्र वाटला असता. परंतु बुडणारा मनुष्य दोराच्या पिळांची जात विचारीत नाहीं. पुढें एच्. आय्. व्ही.बाधितांची शुश्रूषाही संस्थेनें अंगावर घेतली. २००९ सालीं फादर परेरा यांस पद्मश्री मिळाली.

पुण्यास अनिल अवचट यांनीं गर्दच्या आहारीं गेलेल्या तरुणांविषयीं लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. व सुनीता देशपांडे यांनीं एक लाख रुपये देऊं केले, आणि डॉ. सुनंदा अवचट यांनीं २९ ऑगस्ट १९८६ रोजीं येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत ‘मुक्तांगण’ सुरू केलें. मुक्तांगणानें कोणत्याही एका धर्माचा आधार घेतला नाहीं. परंतु समदुःखितांच्या सभा, बऱ्या झालेल्यांनींच समुपदेशक व कार्यकर्ते होणें, पुन्हा पाय घसरलेल्यास दार बंद न करणें, हीं सूत्रें तेथेंही तींच आहेत. डॉ. सुनंदा यांचें १९९७ सालीं निधन झालें. संस्था मात्र त्यांच्या घालून दिलेल्या रीतीनें चालत राहिली. श्रद्धा ईश्वरावर असो वा माणसांतल्या भलेपणावर असो, ती रोजच्या शिस्तींत उतरली म्हणजे तिचें फळ सारखेंच येतें, याचें हें उदाहरण होय.

एवढ्यांत या व्यसनास दुसरें भयंकर संकट येऊन मिळालें. ५ जून १९८१ रोजीं अमेरिकेंत एड्सची पहिली नोंद प्रसिद्ध झाली. १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्याचा विषाणु सांपडला. भारतांत १९८६ सालीं मद्रास येथें डॉ. सुनीति सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांच्या तपासणींत पहिले बाधित आढळले. मद्रासेंत स्थायिक झालेल्या गायतोंडे घराण्यांतील या सुनीतिबाई. त्यांनीं १९९३ सालीं वडिलांच्या नांवें काढलेलें केंद्र पुढें दक्षिणेंतील रुग्णांचें मोठें आश्रयस्थान झालें. ज्या काळीं कित्येक डॉक्टर अशा रुग्णास हात लावण्यास कचरत होते त्या काळीं त्या रुग्णांशेजारीं बसत होत्या.

व्यसन आणि हा रोग यांची गांठ आपल्या देशांत सर्वांत घट्ट बसली ती मणिपुरांत. ब्रह्मदेशाची सरहद्द लागून असल्यामुळें तेथें शुद्ध हेरॉइन सहज मिळे, आणि तरुण तें शिरेंत टोंचून घेत. सुई-पिचकारी जवळ सांपडली तर पोलिसांचा धाक. म्हणून एकच सुई अनेकांच्या हातीं फिरे. १९८९ च्या उत्तरार्धापर्यंत तेथें विषाणूचा मागमूस नव्हता. १९९० च्या पूर्वार्धांत, म्हणजे अवघ्या कांहीं महिन्यांत, तपासलेल्या सुईबाजांपैकीं सुमारें निम्मे बाधित निघाले. हे बहुतेक विशी-पंचविशींतले तरुण. कित्येक आईबापांनीं आपलीं मुलें आपल्या हातानें तुरुंगांत नेऊन घातलीं. सशस्त्र बंडखोर संघटनांनीं व्यसनी मुलांस जबर शिक्षा केल्या. ज्या मणिपुरी स्त्रिया १९७० नंतर दारूविरुद्ध रात्रीं मशाली घेऊन पहारा करीत आल्या होत्या, त्यांच्याही घरांत हा शत्रु शिरला. धाक, पहारा, तुरुंग, हे सर्व उपाय झाले. सुई चालूच राहिली, आणि ती आतां अधिक लपून चालूं लागली.

याच ठिकाणीं श्रद्धेची खरी कसोटी लागली, आणि ती कसोटींत सर्वत्र उतरली असें म्हणतां येत नाहीं. हा रोग म्हणजे पापाची शिक्षा आहे असें अनेक देशांतल्या व्यासपीठांवरून सांगितलें गेलें. प्रेतास स्पर्श नाकारणें, बाधित विधवेस सासरहून हांकलणें, मुलांस शाळेंत न घेणें, हे प्रकार धार्मिक म्हणविणाऱ्या घरांतूनच घडले. व्यसनी तरुणांस स्वच्छ सुया देण्याची व जिभेखालीं ठेवावयाच्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधानें हेरॉइनची ओढ शमविण्याची कल्पना निघाली तेव्हां, हें तर व्यसनास उत्तेजन, असा आक्षेप सज्जनांनींच घेतला. आक्षेपामागचा हेतु चांगला होता. परंतु जो जिवंत राहील तोच केव्हां तरी व्यसन सोडील, हा साधा हिशेब त्यांत विसरला जात होता. मणिपुरांत सुया व औषधें घेऊन तरुणांना हुडकीत फिरणारे कार्यकर्ते बहुतांशीं स्वतः त्या वाटेनें गेलेले होते. त्यांस हा हिशेब निराळा शिकवावा लागला नाहीं.

याच कार्यकर्त्यांतून व बाधितांतून १९९७ सालीं मणिपुरांत बाधितांचा स्वतःचा संघ उभा राहिला. या संघाची वंशावळ पाहूं गेल्यास तिला एक नवी शाखा फुटलेली दिसते. १९८३ सालीं अमेरिकेंतील डेन्व्हर येथें कांहीं रुग्णांनीं सभेच्या व्यासपीठावर चढून जाहीर केलें होतें कीं, आम्हांस बळी म्हणूं नका. आमच्याविषयींचे निर्णय जेथें होतात तेथें आम्हांस जागा द्या. १ डिसेंबर १९९४ रोजीं पॅरिस येथें ४२ राष्ट्रांनीं हें तत्त्व मान्य केलें. मद्यप्यांच्या संघानें नांव झांकण्यांत आपलें रक्षण पाहिलें. बाधितांच्या संघांतील कित्येकांनीं नांव व चेहरा उघड करण्यांत तें पाहिलें. वरवर पाहतां हे दोन मार्ग परस्परविरुद्ध आहेत. परंतु पहिल्यास भय होतें अहंकाराचें, दुसऱ्यास भय होतें अदृश्य होऊन मरण्याचें. ज्याचा लपण्याचा हक्क समाज मान्य करतो तोच निर्भयपणें उघड होऊं शकतो. म्हणून नांव सांगावें कीं न सांगावें याचा निर्णय ज्याचा त्यानें करावा, दुसऱ्यानें नव्हे, हें तत्त्व दोन्ही मार्गांस समान आहे. २०१७ च्या एच्. आय्. व्ही. व एड्सविषयक कायद्यानें आपल्याकडे त्यास कायद्याचें बळ दिलें; तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आला.

नुसत्या संगतीनें विषाणु हटत नाहीं. त्याला औषधच लागलें. १९९६ सालीं तीन औषधें एकत्र देण्याची पद्धति सिद्ध झाली. पण तिचा वार्षिक खर्च दहा हजार डॉलरांच्या घरांत होता. २००१ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या सिप्ला कंपनीनें तीं औषधें ३५० डॉलरांत देऊं केलीं. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनें तीं मोफत देण्यास प्रारंभ केला; आरंभीं निवडलेल्या प्रांतांत महाराष्ट्र व मणिपुर हे दोन्ही होते. नियमानें औषध घेणारा बाधित मनुष्य आज जवळजवळ इतरांइतकें आयुष्य जगूं शकतो. आणि रक्तांतील विषाणु तपासणींत न सांपडण्याइतका दबला कीं शरीरसंबंधांतून तो दुसऱ्यास लागत नाहीं, हें आतां निर्विवाद सिद्ध झालें आहे.

परंतु हें औषध जन्मभर, न चुकतां, रोज घ्यावयाचें असतें. येथें आपण पुन्हा मूळ मुद्द्याकडे येतों. ज्याचे दिवस व्यसनानें विस्कटले आहेत, ज्यास घर नाहीं, काम नाहीं, उद्यां कशासाठीं उठावें हें ज्यास कळत नाहीं, त्यास रोज ठरल्या वेळीं गोळी घेण्यास काय लावणार? औषधालय गोळी देऊं शकतें. जगण्याचें प्रयोजन देऊं शकत नाहीं. तें कोणास प्रार्थनेंत मिळतें, कोणास आसनांत, कोणास आपल्यासारख्या दुसऱ्याच्या दाराशीं जाऊन त्याला दवाखान्यांत घेऊन येण्यांत. आजच्यापुरता दिवस निभावूं, ही जी मद्यप्यांच्या संघाची शिकवण, तिचाच उपयोग बाधितांस गोळीच्या नेमासाठीं झाला. दोन निराळ्या दुःखांस एकच शिस्त उपयोगीं पडावी यांत नवल नाहीं. दोहोंमध्यें मनुष्य तोच आहे.

आतां राहिला आपला, म्हणजे सुशिक्षित गृहस्थांचा, वांटा. या साऱ्या इतिहासांत जीं माणसें उठलीं तीं पुढें कोठें गेलीं, असा प्रश्न केला असतां उत्तर एकच येतें: तीं घरीं गेलीं, किंवा घर नसल्यामुळें परत व्यसनाकडे गेलीं. संघ, केंद्र, आश्रम यांचें काम कांहीं आठवड्यांचें किंवा महिन्यांचें. त्यापुढील वर्षें ज्यानें त्यानें गल्लींत, कचेरींत, नात्यांगोत्यांत काढावयाचीं असतात. आपण घरांतल्या घरांत ‘तो गांवीं गेला आहे’ असें सांगत राहतों तोंपर्यंत त्यास परत यावयास गांवच उरत नाहीं. बाधित मनुष्याबरोबर जेवल्यानें, त्याच्या शेजारीं बसल्यानें, त्याचे कपडे धुतल्यानें हा रोग होत नाहीं, हें आपण शालेय पुस्तकांत वाचलेलें आहे. तरी पंगतींत त्याचें पान वेगळें मांडलें जातें. भाड्याची खोली, कामाची जागा, सणाचें आमंत्रण, या गोष्टी लहान दिसतात. परंतु अ‍ॅक्रनच्या त्या सायंकाळीं डॉक्टर स्मिथ यांनीं प्रथम कबूल केलीं होतीं तीं पंधरा मिनिटें तरी कोठें मोठीं होतीं? आपल्यांतील प्रत्येकास समदुःखी होतां येणार नाहीं, आणि तसें होण्याची आवश्यकताही नाहीं. त्यास शेजारीं बसूं देणें मात्र आपल्या हातचें आहे.